दारच्या चिंचेवरचं दगडफूल

दौंडहून फोन आला तेव्हा मी काळा मसाला भाजत होते. खोबरं, धणे झाले होते, दगडफूल कढईत टाकायचं राहिलं होतं. "सुमनमावशी गेली," मावसभाऊ म्हणाला. धाप लागली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं… रडू नंतर आलं, आधी तिचा भयंकर राग आला. एवढं सगळं माझ्यावर टाकून ही बाई निघून गेली!

मावशी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर बायका देवदर्शनाला लागतात, ही दौंड-शिरूरच्या रानांतून झाडांची खोडं बघत सुटली. खोडांवर, खडकांवर राखी-हिरवट पापुद्रे धरतात ते दगडफूल. त्याचे कोणते प्रकार कुठे आहेत, कुठून नाहीसे झाले, याची ती पाहणी करायची. "बुरशी आणि शेवाळाचा संसार आहे हा," म्हणायची. "मुळं नाहीत, सगळं हवेवर चालतं. हवा नासली की आधी हाच मोडतो." मी म्हणायचे, "मावशी, माणसांच्या संसाराकडेही बघ की जरा." ती हसायची आणि भिंग पुसायची.

आमच्या गावच्या देवराईवर तिचा फार जीव. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी आणत नाही, त्यामुळे आत दगडफूल भरभरून होतं. रस्त्याकडच्या झाडांवरचं मात्र गेलं होतं, आणि दर खेपेला ते गेल्याची खूण तिला थोडी आणखी आत सापडायची. धूर भट्ट्यांचा, गाड्यांचा की आणखी कशाचा, हे पुराव्याशिवाय बोलायची नाही. शेवटी एका पावसाळ्यानंतर सगळी देवराई नीट तपासायचं तिने ठरवलं. प्रोफेसरीणबाई आपली झाडं बघायला येणार म्हटल्यावर गाव कामाला लागलं. खोडं तारेच्या ब्रशने घासून काढली आणि प्रत्येक झाडाला गेरू-चुन्याचे पट्टे ओढले!

मावशी एसटीतून उतरून देवराईत शिरली आणि बघतच राहिली. माझे सासरे, आबा, अभिमानाने पुढे झाले.

"इहीणबाई, समदी खरूज काढली बघा झाडांची. कसं झालंय?"

"छान झालंय," ती म्हणाली. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

परतताना ती आमच्या दारातल्या चिंचेशी थांबली. गेरू संपला तसं घासणंही थांबलं, म्हणून ही तेवढी वाचली होती. बराच वेळ भिंग लावून बघितल्यावर तिने आबांना बोलावलं. त्यांना तेव्हाही सकाळी खोकल्याची उबळ यायची.

"आता हेच उरलंय, आबा. हे जगतंय तोवर अंगणातली हवा बरी आहे असं समजा. गळायला लागलं, तर तुम्ही इथं राहू नका."

"म्हंजी घर सोडायचं? जन्म गेला हितं. कुठं जायचं आमी?"

मावशीने भिंग पिशवीत टाकलं. पण त्या दिवसापासून आबा रोज चिंचेकडे बघायला लागले.

गेल्या दिवाळीनंतर ती शेवटची आली. खोडाशी उभी राहिली, पुन्हा पुन्हा भिंग पुसलं. "कडा सुटायला लागल्यात," एवढंच माझ्या कानाशी म्हणाली. मग भिंग माझ्या हातात ठेवलं. "मला हल्ली प्रवास झेपत नाही. तूच बघत जा…" चहासुद्धा न घेता गेली. तिचा चहा मी तसाच ओतून दिला.

भिंग आता दाराच्या खुंटीला असतं. सकाळी नवरा रांजणगावच्या कंपनीच्या बसला गेला की ते घेऊन मी चिंचेखाली जाते. आबा ओसरीवर खोकत बसलेले असतात, त्यांना आता तिथवरचं दिसत नाही. परवा मी पापुद्र्याला नुसतं बोट लावलं तर त्याचं पीठ होऊन गळलं. खाली खोड उघडं पडलं होतं.

"हाय का गं?" आबांनी ओसरीवरून विचारलं.

"हाय, आबा," मी म्हणाले आणि बोटं पदराला पुसली.