छत्रीआडची ओटी

साकेत नगरच्या दवाखान्यात मी यांना शेवटची भेटले तेव्हा बाहेर रणरणतं ऊन होतं, आणि हे विचारत होते, "छत्री आणलीस का?" सिस्टर हसून म्हणाल्या, "अंकलजी, बारिश कहाँ है?" त्यांना वाटलं, तापात बरळतायत. मला कळलं होतं, पण चारचौघांत बोलायला मला कधी जमलंच नाही. मी नुसती मान हलवली. "जवळ ठेव," हे म्हणाले... संध्याकाळी यांच्यासाठी मऊ भात टाकायला म्हणून मी घरी आले. आमची मुलगी मीनल फ्रान्सहून आली होती, ती तिथेच थांबली. भात अजून गॅसवर होता, तोच तिचा फोन आला.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लग्न होऊन भोपाळला, यांच्या कारखान्याच्या पिपलानीतल्या क्वार्टरमध्ये यायला निघाले, तेव्हा गाडीत मला झोप लागली होती. यांनी हलवून उठवलं. "अगं ऊठ, नर्मदा आली." नवी नदी ओलांडायची तर आधी तिची ओटी भरायची, नाहीतर निदान हात जोडून नाणं सोडायचं, ही आमच्या माहेरची रीत. आईनं निघताना ती यांच्या कानावर घातली होती. हे देवाधर्मातले नव्हते. कारखान्यात सेफ्टीचं काम, नियमांचे पक्के. वसाहतीच्या बागेतलं फूलसुद्धा मला पूजेला तोडू देत नसत. "सरकारी आहे ते," म्हणायचे. पण त्या दिवशी नाणं यांनी आधीच खिशातून काढून हातात धरलं होतं.

निवृत्तीनंतर मीनलनं आम्हाला तिच्याकडे बोलावलं. एका रविवारी ती आम्हाला अंब्वाझ नावाच्या गावी घेऊन गेली. स्टेशन नदीच्या अलीकडे, गाव पलीकडे. नदीचं नाव लुआर. समोर उंच तटावर पांढरा किल्ला, त्याची काळी टोकदार छपरं, आणि तो सगळाच्या सगळा खाली पाण्यात उतरलेला. मीनल पुलाकडे निघाली, मी अलीकडेच थांबले. पर्समध्ये कुंकवाची डबी, थोडे तांदूळ आणि एक खण भोपाळहूनच घेतला होता.

"आई, नाही हं! इथे नदीत काही टाकलेलं चालत नाही. आणि लोक बघतायत."

लोक खरंच बघत होते. मी पर्स मिटली. तेवढ्यात यांनी छत्री उघडली. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"मी फक्त छत्री उघडलीय. तिला बंदी आहे का इथे?"

दगडी उतारावरून हे माझ्याबरोबर पाण्यापर्यंत आले आणि रस्त्याच्या बाजूला छत्री आडवी धरून उभे राहिले. तिच्याआड मी लुआरला कुंकू वाहिलं, चिमूटभर तांदूळ सोडले. "खण टाकू नकोस. पाण्याला लावून परत घे," हे हळूच म्हणाले. नियम जेवढा पाळता आला तेवढा पाळला. मग आम्ही किल्ला चढलो. मीनल राजाराण्यांच्या खोल्या दाखवत होती, पण हे तटाशी येऊन खालीच बघत राहिले. "तो बघ आपला उतार," म्हणाले. "आता ही नदी ओळखीची झाली." परक्या मुलखात मला त्या दिवशी पहिल्यांदाच भीती वाटली नाही...

अस्थी होशंगाबादला नर्मदेत सोडायचं ठरलं. पुण्याहून धाकटे दीर आले होते. "वहिनी, घाटावर बायका नसतात. तुम्ही घरीच थांबा." ज्या नदीवर यांनी मला उठवलं, तिथे यांना पोचवायला मीच नसावं? दारामागे छत्री दिसली. ती काढून हातात घेतली आणि म्हटलं, "भाऊजी, मी येणार." आवाज इतका बारीक, की त्यांनी "काय?" म्हणून विचारलं. मी पुन्हा म्हणाले.

"काका, आई येतेय," मीनल म्हणाली. "गाडीत पुढे बसेल."

अस्थी सोडून झाल्या. पुरुषमंडळी वर गुरुजींशी बोलत होती. मी पाण्याशीच बसून राहिले. पदराच्या टोकाला कुंकवाची डबी बांधून आणली होती, कमरेला तोच खण. नवरा गेलेल्या बाईनं ओटी भरायची नसते, हे मला ठाऊक होतं. मीनललाही. गाठ सोडायला बोटं धजेनात. मग पाठीमागे छत्री उघडल्याचा आवाज आला. मीनल वरच्या बाजूला ती आडवी धरून उभी होती, अगदी यांच्यासारखी.

"भर आई," ती म्हणाली. "खण पाण्याला लावून परत घे."

मीनल आता परत गेली. छत्री दारामागच्या खिळ्यावर आहे. हा खिळा यांनी माझा हात पोचेल इतका खाली ठोकलाय. हे उंच, छत्री अडकवताना दर वेळी वाकायला लागायचं. "वर ठोका की जरा," मी म्हणायची.

"असू दे," हे म्हणायचे. "तुला लागेल तेव्हा मी घरात नसेन."