वजन माझं, बांधणी त्यांची

माझे थोरले साडू काचेच्या दुकानात कामाला होते. बत्तीस वर्षं त्यांनी खिडक्यांच्या काचा घरोघर पोहोचवल्या आणि त्यातली एकही फोडली नाही. हे मला पक्कं माहीत आहे, कारण बायकोने ते लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं आणि पुढे दर आठवड्याला सांगत आली. घरात त्यांना सगळे काचवालेच म्हणत. अंगाने काटकुळे, बोलायला त्याहून काटकुळे. चहाचा कप टेबलाच्या कडेपासून चार बोटं आत सरकवल्याशिवाय त्यावरून हात काढत नसत.

मी गिरणीवाला. माझं वजन तेव्हा एकशे चार किलो. काटा गिरणीतच, त्यामुळे आकडा अगदी खरा. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सासऱ्यांची टेकडीवर फळबाग होती. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर चढ चढवेना, म्हणून त्यांनी एक जुनी एटीव्ही घेतली. एटीव्ही म्हणजे फटफटीलाच चार जाडजूड टायर. घोड्यासारखं बसायचं आणि दगडधोंड्यातून जायचं. मात्र तिला मोठ्या रस्त्यावर परवानगी नाही, आणि बाग घरापासून अकरा किलोमीटर. महिन्यातून एकदा ती धुण्यापुसण्याला, तेलपाण्याला खाली आणायची आणि परत वर न्यायची. कशातून? माझ्या पिकअपमधून.

माझी पिकअप दोन रांगांच्या सीटची. पाच माणसं ऐसपैस बसतात, त्यामुळे मागचा हौदा आखूड, साडेपाच फुटांचा. एटीव्ही सात फूट. पहिल्या दिवशी मी छातीठोकपणे सांगितलं, "मामा, ही यात मावायची नाही."

काचवाल्यांनी खिशातून टेप काढला. एकदा हौदा मोजला, एकदा टायर जमिनीला टेकतात ती जागा मोजली. "चाकं सव्वाचार फुटांत टेकतात," म्हणाले. "चाकं आत बसली की झालं. शेपूट राहू दे बाहेर."

झालं. त्या दिवसापासून ते काम त्यांचं. मागचा फाळका उघडा ठेवायचा. चढायच्या दोन लोखंडी फळ्या आधी पिकअपला साखळीने बांधायच्या, नाहीतर चाक चढताना फळी सटकते. एटीव्हीचं नाक केबिनला टेकवायचं, चार कोपऱ्यांना खटक्याने आवळायचे चार पट्टे लावायचे, बाहेर राहिलेल्या शेपटाला लाल फडकं. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी आदराने, "साडूभाऊ, बसा वर."

मी एटीव्हीच्या सीटवर बसायचो. माझ्या वजनाने तिच्या स्प्रिंगा दबायच्या, तेवढ्यात हे खटाखटा पट्टे आवळायचे. मी उतरलो की स्प्रिंगा वर यायला बघायच्या आणि पट्टे असे ताठ व्हायचे की काय सांगू. निघाल्यावर दहा मिनिटांनी हे म्हणणार, "थांबा." उतरून चारही पट्टे चाचपणार. एकही कधी सैल निघाला नाही, पण थांबणं चुकलं नाही.

वर बागेत मुक्कामाला असलेले सासरे काठी टेकून उभे असायचे. माणूस मोजून बोलणारा. पट्ट्याला बोटाने टिचकी मारायची, तो वाजला की काचवाल्यांकडे बघून एकच शब्द. "चोख."

गाडी माझी, डिझेल माझं, वजन माझं आणि चोख त्यांना. मला सासऱ्यांकडून बारा वर्षांत काय मिळालं होतं? "हं." पीठ नेऊन दिलं, हं. छप्पर शाकारलं, हं. ऑपरेशनच्या वेळी पंधरा दिवस दवाखान्यात उशाला बसलो, त्याचंही हंच. मला दुसरं काही नको होतं. तो एक शब्द एकदा माझ्याकडे बघून निघावा, बस्स.

बायकोला सांगितलं तर म्हणाली, "मग भाऊजींसारखं बांधायला शिका की."

"मी काय नुसतं बसायला जन्मलोय?"

"बसता मात्र छान," ती म्हणाली आणि आत गेली.

असा जळत होतो, आणि एका सकाळी निरोप आला की काचवाले एका शाळेच्या खिडक्या बसवायला गेलेत, दुपारी येतील, तोवर थांबा. मी कशाला थांबतोय. फळ्या लावल्या, साखळी घातली, एटीव्ही सुरू करून एका दमात वर चढवली. नाक केबिनला लागलं. पट्टे असे आवळले की तळहातांना वळ उठले. लाल फडक्याऐवजी बायकोची लाल ओढणी बांधली, जास्त उठून दिसते म्हणून. दहा मिनिटांनी थांबायची जागा आली, तेव्हा मी मुद्दाम गाणं म्हणत पुढे गेलो.

डांबरी रस्त्यावर सगळं ठीक. टेकडीच्या कच्च्या रस्त्याला लागलो आणि पहिल्याच खड्ड्यात एटीव्ही खाली दबली. दबली की पट्टा सैल. दुसऱ्या खड्ड्यात पुढचा एक हूक निसटला, तिसऱ्यात दुसरा. मागून धाडकन आवाज आला. उतरून बघतो तर एटीव्ही मागे घसरून तिची मागची चाकं फाळक्यावर, फाळक्याची एका बाजूची तार तुटलेली, आणि सगळा डोलारा दोन पट्ट्यांवर. मी मागून खांदा लावून उभा राहिलो. सोडावं तर एटीव्ही खाली, आणि धरून किती वेळ उभा राहणार?

वीसेक मिनिटांनी खालून स्कूटरचा आवाज आला. कोण असणार?

शाळेचं काम लवकर आटपून आलेल्या काचवाल्यांनी स्कूटर लावली. हसले नाहीत. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. चाकांना दगड लावले, फळ्या बांधल्या, आणि आम्ही दोघांनी एटीव्ही उतरवली. तुटका फाळका काढून मागच्या सीटवर ठेवला. एटीव्ही पुन्हा चढवली. मग त्यांनी विचारलं, "बांधताना वर कोण बसलं होतं?"

बांधणारा मी, मग बसणार कोण?

त्यांनी केबिनच्या मागच्या सीटकडे बोट दाखवलं. तिथे बागेच्या राखणदारासाठी नेत असलेलं पन्नास किलोचं पिठाचं पोतं होतं. "हे ठेवायचं होतं सीटवर."

गिरणी माझी, पोती माझी, जन्म पोती उचलण्यात गेला, आणि हे मला सुचू नये. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"आता तुम्ही बसा," मी म्हणालो. "बांधणार मी."

ते निमूट वर चढले. मी पोतं त्यांच्या मांडीवर ठेवलं. काट्यावर घातलं असतं तर एक पोतं आणि एक काचवाले मिळून जेमतेम एक मी. स्प्रिंगा दबल्या. मी चारही पट्टे आवळले. ते उतरले, आणि पट्टे ताठ झाले ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

बागेत सासरे आले. टिचकी मारली. पट्टा वाजला. काचवाल्यांकडे बघून म्हणाले, "चोख."

खरं सांगतो, मनात म्हणत होतो, काचवाले आता गप्प राहू देत. श्रेय लाटलं असतं तर मला जन्मभराची तक्रार मिळाली असती, दर आठवड्याला बायकोला ऐकवली असती.

"बांधलंय साडूभाऊंनी, मामा," ते म्हणाले. "मी नुसता पोतं घेऊन बसलो होतो."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा टिचकी मारली. पट्टा पहिल्याहून छान वाजला. ते तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची नजर हौद्याच्या मागच्या कडेवर गेली.

"हं," म्हणाले. "फाळका कुठाय?"

पुढच्या महिन्यात मी नवी तार घालून फाळका बसवला आणि ठरवलं, निदान थांबण्यात तरी आपण पहिले. दहा मिनिटं व्हायच्या आतच गाडी बाजूला घेतली, शेजारी बसलेल्या काचवाल्यांना न सांगता. झटकन दार उघडून मागे गेलो. काचवाले तिसरा पट्टा चाचपत होते.