बगूया, काकी

काशीगावातल्या त्या मेकॅनिकला काहीही विचारा, तो पुसलेलाच पाना पुन्हा पुसत म्हणायचा, "बगूया." चहा घेणार? बगूया. जीप कधी मिळेल? बगूया.

मी तेव्हा पन्नाशीची, स्वतःला फार शूर समजणारी बाई. नवऱ्याची जुनी जीप मीच फिरवायचे. तिचा क्लच इतका जड, की एकदा चढावावर माझ्या गुडघ्याने दगा दिला, जीप मागे घरंगळली आणि भाजीवाल्याचे टोमॅटो चिरडले. नवरा म्हणाला, "विकून टाकू." मी म्हणाले, "तारेऐवजी हायड्रॉलिक क्लच बसवू. तेलाच्या दाबावर चालतो, पायाला हलका." हे ज्ञान मला आदल्याच दिवशी मिळालं होतं, आणि मी ते वाटत सुटले होते.

मेकॅनिकने असलं काम पूर्वी कधी केलं नव्हतं. तरी मोडीतल्या टेम्पोचे भाग आणून त्याने क्लच बसवला. मग मला त्याच चढावावर नेलं, मध्येच थांबायला लावलं आणि स्वतः जीपच्या मागे जाऊन उभा राहिला.

"अरे, बाजूला हो. नीट चालेल ना हा?"

"बगूया, काकी. गाडी मागं आली तं पयला मीच हाय."

मी ब्रेकवरचा पाय काढला, क्लच हळूहळू सोडला. जीप वीतभर मागे आली, थरथरली आणि वर निघाली. मी मोठ्या ऐटीत आरशात पाहिलं. बगूया म्हणणारा तो माणूस डोळे गच्च मिटून उभा होता.