ओवा, बाळंतशेपा आणि माझं रुसलेलं नाक

“मासी, नस सूई गई छे, मरी नथी गई,” नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाई गुजरातीत म्हणाल्या. नस झोपली आहे, मेलेली नाही. आजाराचं नाव त्यांनी अ‍ॅनॉस्मिया सांगितलं, म्हणजे वास अजिबात न येणं. साध्या तापानंतरही काहींना होतो म्हणे, आणि मला नुकताच ताप येऊन गेला होता. दुर्बिणीने तपासलं, सीटी स्कॅन झाला, सगळं स्वच्छ निघालं. नाक जागेवर होतं, वास तेवढा बेपत्ता.

मी लगेच विचारलं, “माझी लेक बाळंतपणाला आली आहे. बाळ येईपर्यंत येईल ना वास?”

“वचन नथी आपती. रोज बोलावशो तो कदाच जागशे.” वचन देत नाही, पण रोज हाका मारल्यात तर कदाचित जागी होईल, एवढंच त्यांनी सांगितलं.

ज्याला हा आजार होत नाही, त्याला तो विनोदी वाटतो. पण मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत सर्दीला ओव्याची गरम पुरचुंडी, तापाला गवती चहाचा काढा आणि ठणकत्या दाढेला लवंग माझ्याच घरून जाते. शिवाय मी एका वासाची वाट पाहत होते. ही माझी लेक केतकी तान्ही असताना न्हाऊ घातल्यावर तिला ओवा-बाळंतशेपाची धुरी द्यायचे. मग तिच्या टाळूला जो वास यायचा, तो आजवर विसरले नाही. आता तिच्या बाळाला घेऊन मी नुसती बघत बसणार, या विचाराने वेटिंग रूममध्ये मला चक्क रडू कोसळलं.

उपचाराला स्मेल ट्रेनिंग म्हणतात, म्हणजे नाकाची शिकवणी. चार वास निवडायचे, सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायचा आणि डोळे मिटून तो आठवायचा. मी लवंग, पुदिना, गवती चहा आणि बाळंतशेपा निवडले. पहिल्याच दिवशी पुदिन्याने नाकात गार वाटलं आणि मी घर डोक्यावर घेतलं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर हिरमोड केला. गारवा कळवणारी नस वेगळी, वासाची वेगळी. बाळंतशेपा तर माझ्या लेखी लाकडाचा भुसा होता.

शेजारच्या कोकिलाबेन रोज जिन्यातून ओरडून विचारायच्या, “केम छो? नाक आव्युं?” नाक आलं का? जणू ते कामाला बाहेर गेलं होतं.

केतकीला मुलगी झाली. कोकिलाबेन बाळ पाहायला आल्या. मी कौतुकाने बाळंतिणीचा मुखवास पुढे केला. त्यांनी मोठा चमचाभर तोंडात टाकला, चावला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तरी म्हणाल्या, “बहु सरस! पण बेन, आ तो नकरो अजमो छे!” फार छान, पण हा तर नुसता अजमो, म्हणजे ओवा. बाळंतशेपाऐवजी मी वाटीभर ओवाच भाजून ठेवला होता. माझ्या एकाही डब्यावर नाव नव्हतं. नाक असताना चिठ्ठ्या कशाला, असा माझा तोरा. त्या दिवशी केतकीने सगळ्या डब्यांवर नावं चिकटवली आणि मी मुकाट्याने चिकटवू दिली. तुम्हालाही हा आजार झाला, तर हे आधी करा. गॅसची शेगडी आणि नासलेलं दूध दुसऱ्याच्या नाकावर सोपवा.

मग धुरीवरून वाजलं. बाळाच्या डॉक्टरांनी धूर साफ बंद सांगितला, तान्ह्या फुप्फुसांना तो सोसत नाही. मी फुगून बसले. तीव्र वासाने तरी नाक उठेल, अशी माझी भाबडी आशा होती. केतकी एवढंच म्हणाली, “आई, तुझ्या नाकासाठी हिचा श्वास कोंडायचा का?” मी निखाऱ्याचं भांडं माळ्यावर टाकलं. ओवा आणि बाळंतशेपा मग फक्त केतकीच्या मुखवासात राहिले.

पुढे एका सकाळी चहाला जळक्या रबराचा वास आला. मी घाबरून दवाखाना गाठला, तर डॉक्टरीणबाई खूश. याला पॅरॉस्मिया म्हणतात, म्हणजे वास येतो पण भलताच. “जागे छे!” त्या म्हणाल्या, नस जागी होतेय. नंतर कित्येक आठवडे मी नाक दाबून चहा प्यायले. शिकवणी सोडली नाही. कंटाळा यायचा, पण केतकी परीक्षेचा अभ्यास घेतल्यासारखी समोर बसायची.

एके दुपारी नातीला खांद्यावर घेऊन थोपटत होते. तिने ढेकर दिली आणि प्यायलेलं दूध माझ्या साडीवर भडाभडा ओकली. मी पुसायला मान वळवली आणि तशीच थांबले. आंबूस, कोमट वास. दुधाचाच, रबराचा नाही! मी तिच्या टाळूला नाक लावलं. तिथे धुरी नव्हती, ओवा नव्हता, बाळंतशेपाही नव्हता. थोडा घाम, थोडं दूध आणि तिचा स्वतःचा असा एक वास. मी ढसाढसा रडायला लागले.

त्या डॉक्टरीणबाईंचे, माझ्या चार कुंड्या-डब्यांचे आणि ओवा गिळून “बहु सरस” म्हणणाऱ्या कोकिलाबेनचे उपकार मी विसरणार नाही. ज्यांचं नाक अजून रुसलंय त्यांनी हाका मारणं सोडू नये.

केतकी ओला नॅपकिन घेऊन धावत आली. “आई, आधी साडी बदल, केवढा वास येतोय!”

“हो ना गं,” मी म्हटलं, “थांब, जरा घेऊ दे.”