दिवा कुठून लावला

धाकट्या दिराला गिऱ्हाइकांच्या मनाची फार काळजी. त्याच्या फोटो स्टुडिओत एकोणीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढणाऱ्या वहिनीचा गाल टेम्पोच्या फुटलेल्या काचेनं फाटला. सर्जननं कानामागची कातडी लावून तो पुन्हा उभा केला. ती कामावर परतली त्याच दिवशी दीर म्हणाला, "वहिनी, लोक बिचकतात हो. चेहरा नीट होईपर्यंत आत कॉम्प्युटरवर बसा. कॅमेरा मी बघतो."

कोणी तक्रार केली नव्हती. बिचकला होता तो एकटा.

सर्जननं स्वच्छ सांगितलं होतं: लेझरनं लाली उतरेल, उंचवटा थोडाफार बसेल, व्रण पुसला जाणार नाही. दिराला एवढ्यावर समाधान कुठलं? त्यानं एक चकचकीत क्लिनिक शोधलं, तिथल्या डॉक्टरांना 'नाही' म्हणायची सवयच नव्हती. चार सिटिंग झाली. दर वेळी डोळ्यांवर झाकण, गालावर रबर ताणून सोडल्यासारखे चटके आणि मग सूज.

चौथ्यानंतर डॉक्टरांनी पडद्यावर दोन फोटो शेजारी लावले. आधीचा आणि नंतरचा.

"कमाल!" दीर म्हणाला. "सोमवारपासून कॅमेरा तुमचा, वहिनी."

याच वाक्यासाठी तिनं चटके सोसले होते. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"डॉक्टर, पहिल्यात दिवा बाजूला आहे, दुसऱ्यात समोर. व्रण आहे तिथंच आहे, सावली तेवढी गेलीय."

"मॅडम, थोडं पॉझिटिव्ह बघा ना."

"बघते. आधी दिवा इकडे घ्या."

स्टँड तिनंच सरकवला आणि नर्सला फोटो काढायला लावला. लाली खरंच उतरली होती. उंचवटा जवळपास होता तेवढाच. डॉक्टरांना एकाएकी मोबाइलमध्ये महत्त्वाचं काहीतरी सापडलं.

जिन्यात दीर फणकारला, "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? मी आता तुम्हाला पुढे कसं बसवू?"

"भाऊजी, लोक माझ्या गालाला बिचकत नाहीत, तुमच्या फोटोंना बिचकतात. तीन महिन्यांत अकरा जणांचे फोटो सरकारी ऑफिसांनी परत पाठवले. सगळ्यांच्या कानामागे सावली."

दीर उरलेल्या पायऱ्या भराभर उतरला.

सोमवारी ती कॅमेऱ्यामागे उभी राहिली. समोरच्या बाई तिच्या गालाकडे टक लावून बघत होत्या.

"इकडे नाही, लेन्सकडे," ती म्हणाली. "हनुवटी खाली."

आतून दीर विचारत होता, कॉम्प्युटर चालू कुठून करायचा.