मालकाच्या रकान्यात दोन नावं

दोन वर्षांपूर्वी, गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारच्या बैठकीत, जयपूरमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या नव्या अध्यक्षांनी मंडळाच्या डोमेनच्या मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. चहा येण्याआधी काम उरकलं होतं. टाळ्या चहा आल्यावर झाल्या.

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. तो कायमचा विकत मिळत नाही, वर्षाच्या बोलीने मिळतो, आणि तो देणाऱ्या नोंदणी कंपन्या ढिगाने आहेत. मुदतीत नूतनीकरण केलं नाही तर पैसे भरायला सवलतीचे थोडे दिवस मिळतात, मग तो सुटतो आणि जो पैसे टाकेल त्याचा होतो. एवढं मंडळातल्या प्रत्येकाला माहीत होतं, असं प्रत्येकाने नंतर सांगितलं.

वेबसाइटवर मंडळाचं असं फारसं काही नव्हतं. माजी अध्यक्षांचे हार घातलेले फोटो होते. सगळे हयात होते; हार सत्काराचे होते. लोक उघडत ते एकच पान, बाईंचं. बाई विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, मूळच्या वर्ध्याच्या. जयपुरात वाढणारी मराठी मुलं देवनागरी शिकतात ती शाळेतल्या हिंदीतून, आणि मराठी वाचायला घेतलं की दर ओळीला अडतात. त्यांच्यासाठी बाई शनिवारी वर्ग घेतात. प्रत्येक धडा स्वतःच्या आवाजात वाचून त्या पानावर ठेवत. आईवडिलांच्या बदल्या झाल्या तरी मुलं दुसऱ्या गावाहून तेच पान उघडत.

वर्ग पुरा करणाऱ्या मुलाला बाई एक कापडी पिशवी देत. पिशवीवर त्या वेबसाइटचा पत्ता छापलेला असे. त्याचा ठसा जयपूरजवळच्या बगरू गावच्या कारागिराकडून शिसवी लाकडात कोरून घेतलेला होता. छपाईचा काळा रंग लोखंडाचा गंज आणि गूळ मुरवून केलेला, म्हणजे धुऊन न जाणारा. अशा पिशव्या कुठकुठल्या गावी गेल्या होत्या ते बाईंनाही नीट सांगता येत नसे. त्यामुळे पत्ता बदलणं हा पर्याय त्यांच्यापुरता नव्हताच. त्या बैठकीत त्या एवढंच म्हणाल्या, "नाव सुटता कामा नये. बाकी काय करायचं ते करा."

"बाई, नाव कुठे जातंय?" अध्यक्ष म्हणाले. "आता माझ्याच नावावर आहे."

अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी. मंडळाची कार्यकारिणी दरवर्षी बदलते, आणि नवी आली की लेटरहेड, हॉलबाहेरचा फलक आणि कार्यक्रमाची पत्रिका या क्रमाने नावं बदलतात. डोमेनवरही नाव लिहिता येतं हा शोध आदल्या कार्यकारिणीचा. इतिवृत्त लिहिणं माझ्याकडे होतं, म्हणून पुढचं ऐकीव नाही.

बैठकीचा दुसरा विषय होता नोंदणी कंपनी बदलणं. कारण रास्त होतं. जुनी कंपनी पहिलं वर्ष जवळजवळ फुकट देऊन नंतर कितीतरी पटीने आकारत होती, आणि मुदत जवळ आली की तिचा माणूस जेवणाच्या वेळी फोन करून "आपकी वेबसाइट बंद हो जाएगी, सर" असं सांगत होता. मुदत दिवाळीच्या आठवड्यात संपणार होती. कंपनी बदलताना नवी कंपनी पुढच्या वर्षाचे पैसे घेते, म्हणजे जुनीला देण्याची गरज नाही, हे अध्यक्षांनी बरोबर सांगितलं. त्यांनी त्या दिवशी सांगितलेली ही एकमेव बरोबर गोष्ट. लगेच ठराव झाला: जुन्या कंपनीला यापुढे एक पैसाही देऊ नये.

नवी कंपनी निवडायला तिघांची उपसमिती नेमली. कार्याध्यक्ष हाडांचे डॉक्टर होते. त्यांनी क्रिकेटच्या सामन्यात जिची जाहिरात येते ती कंपनी सुचवली. अध्यक्षांनी गोपालपुऱ्यातल्या एका ओळखीच्याचं नाव घेतलं. तो दोन कोचिंग क्लासच्या मधल्या गाळ्यात झेरॉक्स काढतो आणि डोमेनही विकतो. तिसरा सदस्य सीतापुऱ्यातल्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करणारा अकोल्याचा इंजिनिअर होता. इतरांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा त्याला पगार मिळतो. नूतनीकरणाचा दर काय, सोडून जाताना लागणारा हस्तांतराचा कोड सहज मिळतो का, अडलं तर उत्तर द्यायला कोण आहे, हे तिघांपैकी कोणी विचारलं नाही. अखेर क्रिकेटवाली कंपनी ठरली, कारण तिचं नाव सर्वांना पाठ होतं.

चार दिवसांनी इंजिनिअरने जुन्या कंपनीकडे हस्तांतराचा कोड मागितला. कोड मिळाला नाही. मालकाचं नाव बदललं की डोमेन साठ दिवस दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. चोरी होऊ नये म्हणून हे कुलूप असतं. ते नको असेल तर नाव बदलतानाच पडद्यावर एका चौकोनात खूण करता येते. चौकोन त्या रविवारीही होता. अध्यक्षांनी "हे काय सगळं, पुढे चला" म्हटलं होतं, आणि त्यांच्या वतीने बटणं दाबणारा इंजिनिअर पुढे गेला होता.

"तू वाचलं नाहीस?" बाईंनी त्याला विचारलं.

"बाई, ते कुणीच वाचत नाही. मतलब, बाय डिफॉल्ट पुढेच जायचं असतं."

"ऑफिसात हेच करतोस?"

"ऑफिसात ते दुसऱ्याचं असतं ना."

उपाय साधा होता. जुन्या कंपनीकडे एक वर्षाचं नूतनीकरण करायचं आणि कुलूप निघालं की जायचं. बाईंनी तो सुचवला, पैसेही देऊ केले. अध्यक्षांनी ठराव वाचून दाखवला. मग बँकेतल्या सवयीने कॅलेंडर पुढे ओढून त्यांनी हिशेब मांडला: मुदत दिवाळीत संपते, त्यानंतर महिनाभर सवलत, आणि कुलूप त्याच महिन्यात निघतं. "कंपनीला पैसाही नाही आणि नावही आपलं," ते म्हणाले. हिशेब चुकलेला नव्हता. तो पुढच्या रविवारपर्यंत टिकला.

पुढच्या रविवारी कोजागिरीची पत्रिका ठरत होती. मंडळाच्या पत्रिकेवर अध्यक्ष आणि कार्याध्यक्ष अशी दोन नावं शेजारी, एकाच मापात छापतात. पूर्वी एका वर्षी एक नाव खाली गेलं होतं, तेव्हा अर्धं मंडळ हळदीकुंकवाला आलं नव्हतं. पत्रिकेचा मसुदा पाहता पाहता डॉक्टरांनी विचारलं, "डोमेनवर कुणाकुणाची नावं आहेत?"

"माझं," अध्यक्ष म्हणाले. "पद्धत आहे."

"पत्रिकेची पद्धत वेगळी आणि डोमेनची वेगळी?"

"तिथे रकाना एकच आहे, डॉक्टर."

"एका रकान्यात दोन नावं बसतात. आमच्या दवाखान्याच्या पाटीवर तिघांची बसली आहेत."

बाई म्हणाल्या, "डॉक्टर, ते नाव कोण बघतं? मालकाची माहिती बाहेरच्या माणसाला दिसतसुद्धा नाही. झाकलेली असते."

"मग घालायला हरकत काय?"

इतिवृत्तात मी 'चर्चा झाली' असं लिहिलं. चर्चा झाली नव्हती. इंजिनिअरने मोबाइल काढला आणि कुणाचं नाव आधी यायला हवं ते विचारलं. त्यावर मात्र चर्चा झाली, बराच वेळ. बाईंनी मध्येच त्याला विचारलं, "याने कुलूप पुन्हा लागणार नाही ना?"

"आधीच लॉक आहे, बाई. मतलब, लॉकला आणखी काय लॉक करणार?"

त्याने चौकोनात या वेळीही खूण केली नाही. दोन्ही नावं रकान्यात बसली. आधी अध्यक्षांचं.

दिवाळीच्या आठवड्यात मुदत संपली. वेबसाइटच्या जागी जुन्या कंपनीची जाहिरात आली. मंडळातली बहुतेक घरं नाशिक, पुणे, नागपूरकडे गेलेली होती, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. मुलांच्या आयांचे फोन बाईंना आले. बाईंनी धड्यांची ध्वनिमुद्रणं आपल्या संगणकावर जपलेली होती. ती त्यांनी मागेल त्याला मोबाइलवर पाठवली आणि पत्ता महिनाभरात सुरू होईल असं सांगितलं. अध्यक्षांनी त्यांना तसं सांगितलं होतं.

अध्यक्षांच्या हिशेबातला कुलूप निघण्याचा दिवस आला. इंजिनिअरने कोड मागितला. कोड मिळाला नाही. रकान्यात दुसरं नाव घातल्या दिवसापासून साठ दिवस नव्याने मोजले जात होते, आणि सवलत त्याआधी संपत होती. बाई त्याच दुपारी अध्यक्षांच्या घरी गेल्या. मी बरोबर होतो.

"साहेब, आजच्या आज जुन्या कंपनीकडे पैसे भरा. अजून घेतात. मी भरते. तुम्ही फक्त लॉगिन करून द्या."

"बाई, ठराव आहे. तो मागे घ्यायला बैठक लागेल."

"मग बोलवा."

"बोलावतो की. पण गणसंख्या?"

बैठक बोलावली गेली. त्या रविवारी मंडळाची सहल होती. सहलीला बस भरून लोक गेले, बैठकीला चौघे आलो. अध्यक्षांनी गणसंख्येअभावी बैठक तहकूब केली आणि ती तहकूब झाल्याची नोंद करायला मला सांगितलं. बाईंनी पुन्हा लॉगिन मागितलं. "मंडळाची मालमत्ता आहे, बाई. एका सभासदाच्या हाती कशी देऊ?" ते म्हणाले. त्यांनी ते कुणाच्याच हाती दिलं नाही. स्वतःही वापरलं नाही.

सवलत संपली. जुन्या कंपनीने नाव लिलावात काढलं आणि ते गेलं. कुणी घेतलं ते कळू शकलं नाही. त्याच्याही मालकाच्या रकान्यातली माहिती झाकलेली आहे.

संक्रांतीनंतर गुडगावला बदलून गेलेल्या एका मुलीच्या आईचा बाईंना फोन आला. बाईंनी स्पीकर लावला होता.

"बाई, लेकीने तुमच्या पिशवीवरचा पत्ता टाकला. रमी उघडली. पैसे लावायची."

"तिने काही दाबलं नाही ना?"

"नाही. पण मला विचारते, आजीने हे शिकवायला सुरुवात केली का?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला पिशवी उलटी करून वापरायला सांगितलं.

विषय पुढच्या बैठकीत आला. अध्यक्षांनी जुन्या कंपनीच्या निषेधाचा ठराव मांडला, डॉक्टरांनी अनुमोदन दिलं. एकमताने झाला. मी त्यानंतर इतिवृत्त लिहिणं सोडलं.

त्याच महिन्यात बाईंनी नवं नाव स्वतः घेतलं. कंपनी निवडायला त्यांना एक सकाळ लागली. पहिल्या वर्षाचा आणि पुढचा दर एकच आहे आणि तो पहिल्याच पानावर लिहिलेला आहे, सोडून जायचा कोड कुणाला फोन न करता मिळतो, एवढं त्यांनी पाहिलं. सगळ्या अटी त्यांनी चष्मा लावून वाचल्या, चौकोनांसकट. बगरूला जाऊन नवा ठसा कोरून आणला. जुन्या ठशातली अक्षरं कारागिराकडून रंध्याने काढून घेतली.

गेल्या गणपतीनंतर मंडळात नवी कार्यकारिणी आली. बाईंचा वर्ग हा मंडळाचा उपक्रम असल्याने त्याचं डोमेन मंडळाच्या पदाधिकाऱ्यांच्या नावे करावं, अशी विनंती तिने बाईंना दोनदा केली आहे. बाईंनी उत्तर दिलेलं नाही. नाव दुसरीकडे हलवता येऊ नये म्हणून मालकाला स्वतःहून लावता येतं असं एक कुलूप असतं, आणि ते लागलंय का हे बाहेरच्यालाही दिसतं. गेल्या मंगळवारी मी पाहिलं तेव्हा ते लागलेलं होतं.