चाकाखालची वीट

चहा घ्या आधी. मग सांगतो, मोठेपणाच्या भरात मी स्वतःचं कसं हसं करून घेतलं ते!

आमच्या लेकीचं जमलं होतं. मुलाचे वडील उरणकडचे, शेतकरी माणूस. साखरपुड्याची तारीख ठरवायला ते नवीकोरी गाडी घेऊन आमच्याकडे करंजाड्याला आले. मी खाली जाऊन त्यांना घेऊन आलो, पोहे झाले, तारीख ठरली. सोडायला खाली उतरलो, तर माझ्या गाडीची मागची बाजू त्यांच्या गाडीच्या तोंडात घुसलेली!

मला वाटलं, लावताना यांनीच ठोकली आणि संकोचाने बोलले नाहीत. आता तारीख ठरून दहा मिनिटं झाली नाहीत, अन् व्याह्यांची चूक काढायची? सोयरीक मोडायचीय का? मी मन मोठं केलं.

"चूक माझीच हो," मी म्हणालो.

"नाय नाय, चूक माजी हाय."

"अहो, माझी म्हणतोय ना!"

"तुमी नका बोलू. माजीच."

शेवटी बायको म्हणाली, "आधी गाड्या तर सोडवा."

विम्याच्या फॉर्मवर विचारलं होतं, अपघात कसा झाला? मी ठोकून दिलं, 'गाडी मागे घेताना मी धडक दिली.' आणि चार दिवस सोसायटीभर सांगत फिरलो, व्याह्यांसाठी मी कसा आळ अंगावर घेतला. छाती अशी फुगली होती!

मग दोन्ही गाड्यांचं नुकसान बघायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. व्याहीही आले.

"काका, तुम्ही लिहिलंय तुम्ही ठोकली, यांनी लिहिलंय यांनी ठोकली. अहो, तुमच्या दोघांच्याही पॉलिसीत आपापल्या गाडीचा खर्च मिळतो, चूक कुणाची का असेना. पण घडलंच नाही ते लिहिलंत, तर दोन्ही क्लेम अडकतील."

माझा चेहरा उतरला. माझ्या मोठेपणापायी व्याह्यांची नवी गाडी गॅरेजात पडून राहणार होती.

सर्व्हेअरने सोसायटीचा कॅमेरा बघायला मागितला. पडद्यावर व्याह्यांची गाडी आली, नीट उभी राहिली. आम्ही हसत जिन्याकडे वळलो. आणि पाठोपाठ माझी रिकामी गाडी उतारावरून हळूहळू मागे सरकत त्यांच्या गाडीला जाऊन भेटली.

"यात ड्रायव्हर कुठाय?" सर्व्हेअरने विचारलं.

"आणि वीट कुठाय?" बायकोने विचारलं.

काय आहे, हँडब्रेक ओढायला मी हमखास विसरतो. म्हणून तिने चाकाखाली कायमची वीट लावून ठेवलीय. व्याही गेटातून आत येताना दिसले, तशी मी ती घाईघाईने उचलून कुंडीमागे लपवली होती. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही ना!

"पण मग तुम्ही का चूक घेतलीत?" मी व्याह्यांना विचारलं.

ते खाली बघत म्हणाले, "वीट उचलताना मी तुमाला बघितला व्हता. तवाच बोलाया पायजे व्हतं. पन पयल्याच भेटीत कसा बोलू?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला कळलं, लेक चांगल्या घरात चाललीय.

आम्ही दोघांनी खरं ते लिहून दिलं, क्लेम सुटले. साखरपुड्याला व्याही आले ते हातात पिशवी घेऊन. मला वाटलं, पेढे असतील. त्यांनी पिशवीतून नवी वीट काढली, माझ्या गाडीच्या चाकाखाली लावली, आणि मगच मुलाला आपली गाडी गेटातून आत आणायला सांगितली.